रक्त कमी करून मागवलेलं गोयाचं चित्र: नक्कल भिंतीवर लावावी का?

काळी_शाई
गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या वास्तुशांतीला गेले होते. सोफ्याच्या वर स्पॅनिश चित्रकार गोयाचं 'तीन मे १८०८' टांगलेलं. छापील नव्हे, ऑनलाइन ऑर्डर देऊन तैलरंगात हाताने रंगवून घेतलेली चार फुटी नक्कल. जवळ जाऊन पाहिलं तर डाव्या कोपऱ्यातल्या प्रेतांखालचं रक्त जवळजवळ नाहीसंच. यजमान म्हणाले, "घरात लहान मुलं आहेत, म्हणून लाल कमी करायला सांगितलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. २ मे १८०८ ला माद्रिदची साधी माणसं नेपोलियनच्या फौजेवर उठली आणि त्या रात्री नि दुसऱ्या दिवशी पहाटे पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या. गोयाने हे सहा वर्षांनी, १८१४ मध्ये रंगवलं. हात पसरलेला पांढऱ्या शर्टातला माणूस, त्याच्या तळहातावरचा क्रुसावरच्या खिळ्यासारखा व्रण, जमिनीवरचा कंदील, आणि ज्यांचा चेहराच दिसत नाही असे बंदूकधारी. अशा चित्राची नक्कल शोभेसाठी करूच नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

तैलरंग
शाईताई, तुमचा राग समजतो, पण तो नकलेवर काढू नका. बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय, आणि नकलेशिवाय कुणी शिकल्याचं मला माहीत नाही. चित्रकार रूबेन्सने १६२८-२९ मध्ये माद्रिदला येऊन आधीच्या पिढीतल्या तिशियनची चित्रं उतरवली. खुद्द गोयाने १७७८ मध्ये जुना चित्रकार वेलाझ्केझ याच्या चित्रांवरून एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून काढलेले छाप) केली. हे मूळ चित्र जिथे आहे त्या माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आजही परवानगी काढून नक्कल करता येते.

हे चित्र मी स्वतः उतरवलंय. मापं घेताना कळलं की पांढऱ्या शर्टातला माणूस गुडघ्यांवर आहे. उभा राहिला तर सैनिकांपेक्षा कितीतरी उंच होईल. नुसतं बघून हे मला दहा वर्षांत दिसलं नव्हतं. माद्रिदला जाणं किती जणांना परवडतं? माझ्या विद्यार्थ्यांना तर नाहीच.

काळी_शाई
सर, तुम्ही मापं घेतलीत, म्हणजे चित्रासमोर बसलात. सोफ्यावर टांगणाऱ्याने त्यातलं नकोसं तेवढं काढून टाकलं. या दोन्हींना आपण 'नक्कल' म्हणतो, हीच अडचण आहे. शिवाय मूळ चित्र सुमारे २.६८ मीटर उंच आणि ३.४७ मीटर रुंद. त्याच्यापुढे उभं राहिल्यावर आपणही त्या रांगेत असल्यासारखं वाटतं. चार फुटांत ते कुठून येणार?

अर्धविराम
मापाचाच मुद्दा असेल तर उलट्या बाजूनेही बघा. गोयाची 'युद्धाचे अनर्थ' ही मालिका ८२ चित्रांची, तांब्याच्या पत्र्यांवर एचिंगने केलेली. एकेक चित्र वहीच्या पानाएवढं. तो १८२८ मध्ये बोर्दोला वारला, तोवर मालिका प्रसिद्ध झाली नव्हती. १८६३ मध्ये त्यातली ८० छापली गेली. एका चित्राखाली लिहिलंय 'हे बघवत नाही', दुसऱ्याखाली 'हे मी पाहिलं'. हातात धरून, एकट्याने बघायची चित्रं आहेत ती. तीच कुणी तीन फुटी कॅनव्हासवर रंगीत करून देतं, तेव्हा मला खरा त्रास होतो. काळा-पांढरा हा गोयाचा निर्णय होता.

पण एचिंग हे माध्यमच मुळी अनेक प्रती काढण्यासाठी असतं. गोयाला प्रती हव्याच होत्या. त्यामुळे 'नक्कल नको' हे मला मान्य नाही.

वऱ्हाडी_वाचक
अहो, नकलेची ताकद बघायची तर पिकासोचं 'गेर्निका' घ्या. १९३७ साली स्पेनच्या बास्क प्रांतातल्या त्या नावाच्या गावावर बॉम्ब पडले, त्याचं चित्र. त्याच्यावरून विणलेला चित्रपट्ट (टॅपेस्ट्री) न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर होता. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकवरच्या युद्धाची बाजू मांडायला आले, तेव्हा त्यावर निळं कापड टाकलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी, असं कारण सांगितलं गेलं. विणलेली नक्कल होती ती, रंगही मूळच्यापेक्षा तपकिरी! तरी झाकावी लागली.

काळी_शाई
हा दाखला मला हलवून गेला, कबूल करते. पण तो पट्ट पिकासोच्या संमतीने विणला होता, आणि त्यातला घोडा कुणी गाळला नव्हता.

पिंपळपान
नकला जपणुकीसाठीही लागतात. अजिंठ्याचंच बघा. ब्रिटिश फौजेतल्या मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स या चित्रकला शिक्षकाने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम केलं. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. ज्या वाचल्या त्यांत आज भिंतीवरून पुसलेले तपशील सापडतात. त्या आपल्याच पोरांच्या हातच्या आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

गोयाचीही तीच गोष्ट. स्पेनच्या गृहयुद्धात, १९३८ मध्ये, ही चित्रं ट्रकमधून हलवताना अपघात झाला. 'तीन मे'ची जोड असलेल्या 'दोन मे'चे काही तुकडे कायमचे गेले. २००८ मध्ये ती जागा रंगवून भरली. म्हणजे मूळ चित्राचा एक भाग आज दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचा आहे. शाईताई, तोही उतरवायला सांगाल का?

काळी_शाई
नाही. ज्याने ती जागा भरली त्याने जे होतं तेच परत आणायचा प्रयत्न केला. माझा प्रश्न पहिल्यापासून एकच आहे आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. रक्त काढून द्या म्हणणाऱ्याला ते काढून द्यायचं का?

तैलरंग
नाही द्यायचं. चुकतो तो रंगवणारा; गिऱ्हाइकाला काय, हवं ते मागेल.

हे मी अधिकाराने सांगतोय असं समजू नका. बारा वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या स्वागतकक्षासाठी हेच चित्र मला सांगितलं होतं. प्रेतं नकोत, म्हणाले. घरात पैशांची निकड होती. मी कंदील, टेकडी आणि पांढरा शर्ट ठेवला, आणि डावीकडची जमीन मोकळी रंगवली. त्या मोकळ्या जमिनीचा तपकिरी जुळवायला मला चार दिवस लागले. बाकी सगळं चित्र उतरवताना इतका वेळ कुठेच गेला नव्हता.