वेस्टवर्ल्ड सीझन २ : कोडं घातलं की नुसतं गंडवलं?

रात्रपाळीवाला :
HBO ची वेस्टवर्ल्ड मालिका परत पहिल्यापासून बघायला घेतली आणि दुसऱ्या सीझनला आल्यावर २०१८ साली झालेली चिडचिड जशीच्या तशी परत झाली, म्हणून हा धागा. स्पॉयलर भरपूर आहेत, बघितलं नसेल तर इथूनच वळा.

ज्यांच्या डोक्यातून गेलंय त्यांच्यासाठी : श्रीमंत लोक पैसे मोजून काउबॉय-काउबॉय खेळायला जातात ते पार्क, तिथली माणसं म्हणजे यंत्रं (होस्ट), त्यांना मारा झोडा काहीही करा, रात्री मेमरी पुसून सकाळी परत त्याच गोष्टीत उभी. पहिल्या सीझनमध्ये आपल्याला वाटत राहतं की तो सरळमार्गी विल्यम आणि काळ्या कपड्यांतला म्हातारा हे दोघं वेगळे, आणि शेवटी कळतं एकच माणूस आहे, मधे ३० वर्षं गेलीत. आता ही लबाडी मला शंभर टक्के मान्य, कारण आपण डोलोरेस या होस्टच्या डोक्यातून बघत असतो आणि होस्टला जुनं नुसतं आठवत नाही, ते परत समोर घडतं. ती गोंधळलेली म्हणून आपणही गोंधळलेलो. दुसऱ्यात काय? बर्नार्ड (पार्कचा प्रोग्रामर, जो स्वतःच होस्ट निघाला) किनाऱ्यावर शुद्धीवर येतो, मग दोन आठवडे मागे, मग पुढे, मग परत मागे... मी शेवटी वही घेऊन क्रम लावला राव. आणि क्रम लावल्यावर गोष्ट तेवढीच उरली. पत्ते पिसलेत नुसते!

मला तर हा पब्लिकवर काढलेला वचपा वाटतो. पहिल्या वेळी विल्यमचं गुपित लोकांनी नेटवर आधीच ओळखलं होतं ना.

कोड_माझा_वेगळा :
पूर्ण असहमत. शेवटचा भाग डुलक्या काढत बघितलास काय? आठवणी बर्नार्डने *स्वतः* विस्कटल्यात. पार्कची मालक असलेल्या डेलॉस कंपनीची माणसं आपलं डोकं उघडून बघणार हे त्याला माहीत होतं आणि कंपनीच्या बड्या अधिकारी शार्लट हेलच्या शरीरात डोलोरेस बसलीये हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणजे पिसलेले पत्ते हीच गोष्ट आहे, वरून लावलेला मसाला नाही.

रात्रपाळीवाला :
हो पण हे कारण कधी देतात? दहाव्या भागात. नऊ भाग माणसाने काय करायचं? पहिल्या वेळी उत्तर कळल्यावर मागचे सीन परत बघावेसे वाटलेले, इथे सुटलो एकदाचा असं झालं.

चहाटळ :
वचप्यावरून आठवलं, सीझन यायच्या आधी मालिकेचे कर्ते नोलन आणि लिसा जॉय म्हणाले होते की आम्हीच सगळं फोडून टाकतो, घ्या व्हिडिओ. लोक अधाशासारखे बघायला बसले तर मधेच डोलोरेसचं काम करणारी बाई गाणं म्हणायला लागते आणि पुढे वीसेक मिनिटं पियानोपुढे बसलेला कुत्रा 😂 तेव्हा धागाकर्त्याच्या संशयात दम आहे.

बाकी माझं दुःख वेगळंय. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला सतार वाजली, हत्ती, तंबू, ब्रिटिश अमदानीतलं भारत-पार्क... म्हटलं आली बाबा आपली बारी! तर वाघ दाखवला आणि दहा-पंधरा मिनिटांत दुकान बंद. गोऱ्यांना सेवा देणारे आपण आणि शिकारीला आलेले ते, एवढंच. एक होस्ट बंदूक उलटवतो ते सोडलं तर सगळं पोस्टकार्ड.

निवांत_नेहा :
राज-पार्कबद्दल सहमत. जपान-पार्कला निदान अख्खा भाग मिळाला, आणि तिथे तर पहिल्या सीझनमधला दरोडा तसाच्या तसा किमोनो घालून परत दाखवतात. पार्कच्या गोष्टी लिहिणारा साइझमोर निर्लज्जपणे कबूलही करतो की वेळ नव्हता, आपल्याच गोष्टी उचलल्या 😄

पण धागाकर्ते, तुम्ही आठव्या भागाचं नावही काढलं नाहीत?? अकेचिता. पहिल्या सीझनमध्ये याची जमात म्हणजे नुसती चेहरे रंगवलेली भीतीदायक माणसं, आणि इथे जवळजवळ पूर्ण तास लाकोटा भाषेत त्याची गोष्ट. पुढच्या अपडेटमध्ये आठवण पुसली जाऊ नये म्हणून हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं मरतच नाही, मग बायकोला शोधायला म्हणून एकदा मुद्दाम मरतो, खालच्या गोदामात ती सापडते, बंद करून उभी ठेवलेली. मी रडले आणि मला लाज नाही. असा भाग पहिल्या सीझनला जमला नसता, कारण तेव्हा त्यांना होस्टना आपली व्यथा कळायला लागते एवढंच दाखवायचं होतं.

रात्रपाळीवाला :
आठव्याला साष्टांग दंडवत. पण ताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की. तिथे एक माणूस आपली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, लपवाछपवी नाही, आणि तोच सगळ्यांच्या लक्षात राहिला.

निवांत_नेहा :
तो ती गोष्ट मेव्ह या होस्टच्या मुलीला सांगतोय आणि तिच्यातून मेव्ह ऐकतेय, हे शेवटापर्यंत लपवलंय. ती लपवाछपवी नाही होय? तुम्हाला खुपली नाही, एवढंच.

कोड_माझा_वेगळा :
👏 आणि सगळे मूळ बदल विसरताय. पहिला सीझन विचारतो यंत्राचा माणूस होईल का. दुसरा प्रश्नच उलटवतो, माणसाचं यंत्र होईल का. पार्क म्हणजे पाहुण्यांची गुपचूप नक्कल करायचा कारखाना निघतो. कंपनीचा संस्थापक म्हातारा जेम्स डेलॉस त्या गोल खोलीत परत परत 'जिवंत' होतो, १४९ व्यांदा, आणि दर वेळी डोकं बिघडतं. आणि शेवटी कळतं माणसाचा कोड किती? १०,२४७ ओळी फक्त. आमच्या हापिसात एक लॉगिनचं पान यापेक्षा मोठं आहे, आणि तेही चालत नाही.

चहाटळ :
तुझा कोड तर तीन ओळींचा असेल, चहा, वडा, वाद.

रात्रपाळीवाला :
डेलॉसवाला चौथा भाग मान्य, तो भारीच आहे. पार्क उभं करणाऱ्या फोर्डबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पहिल्याच्या शेवटी डोलोरेस त्याला गोळी घालते, किती जबरदस्त शेवट होता! आणि दुसऱ्यात साहेब कम्प्युटरमध्ये बसलेत, वर बर्नार्डच्या डोक्यातही घुसतात. फोर्डचं काम करणाऱ्या अँथनी हॉपकिन्सला सोडवत नाही हे समजतं हो, पण होस्ट मोकळे झाले म्हणायचं आणि दोरी परत त्याच म्हाताऱ्याच्या हातात?

कोड_माझा_वेगळा :
नंतरचा फोर्ड बर्नार्डच्या कल्पनेतला होता!! बर्नार्ड खऱ्या फोर्डला आधीच पुसून टाकतो!! वहीत हे लिहिलं नाहीस का? फोटो टाक त्या वहीचा, चुका काढून देतो.

रात्रपाळीवाला :
टाकतो रात्री. बायकोने मधे वाण्याची यादी केलीये, बर्नार्डच्या तिसऱ्या टाइमलाइननंतर दोन किलो तूरडाळ येईल, ती मूळ गोष्टीत धरू नका.