मदत हवी आहे: मुंबईत खाजगी यॉट बुक करायचीय, घरची चौदा माणसं आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलंय, ते म्हणजे समुद्रात आपली आपली बोट, बाकीचं पब्लिक नको, फक्त घरचे. आता आम्ही सोलापूरकर, आमचा पाण्याशी संबंध म्हणजे सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि चार-पाच दिवसांनी येणारा नळ. त्यामुळं यॉट बुक करणे हा प्रकार घरात कुणालाच माहीत नाही आणि सगळं माझ्या गळ्यात पडलंय.

बऱ्याच ठिकाणी फोन लावले. सगळे पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, पांढरी बोट, हातात ग्लास, मागं सूर्यास्त. दोन तासाचा स्लॉट म्हणतात, त्यात एक तास फिरवणार आणि एक तास नांगर टाकून उभी. रेट विचारला तर पंधरा हजारांपासून दीड लाखापर्यंत काहीही, आणि गंमत म्हणजे तीच बोट, तोच फोटो, दोन वेगळ्या लोकांकडून दोन वेगळे रेट आलेत! डीजे पाहिजे का, फुगे पाहिजेत का, केक कुठला, सगळं विचारतात. मी विचारलं की माझी आई बोटीत चढणार कशी, तर उत्तर काय, "सर होऊन जाईल, आपली पोरं असतात."

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. जिना चढते पण कठडा धरून एकेक पायरी. शिवाय ती मुळातच घाबरलीय, मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशीची बोट उलटली ती आमच्या जिल्ह्यातली गोष्ट, आणि त्याच डिसेंबरात गेटवेसमोर घारापुरीच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते दोन्ही तिनं टीव्हीवर दिवसभर बघितलंय. ती म्हणते तुम्ही जावा, मी धक्क्यावर बसून शेंगदाणे खाते. बाबा म्हणतात ती नसेल तर बोटीचं काय लोणचं घालू का.

तर माझे प्रश्न असे की मोठी मोटार यॉट बरी का शिडाची, चौदा माणसांत चार लहान पोरं आहेत ती मोजायची का नाही, आत टॉयलेट धड असतं का, घरचं खाणं नेऊ देतात का (कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगापोळी असलं सगळं असणार, कोरडंच), ॲडव्हान्स किती द्यावा आणि हवामान बिघडलं तर पैशाचं काय होतं? गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची, संक्रांतीची) होईपर्यंत आम्ही घर सोडत नाही, बाबा नंदीध्वजांसोबत चालतात. बाबांना पौर्णिमा पाहिजे, चांदणं पडलेलं असताना. जाताना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायची म्हणायलोय, सकाळी सीएसएमटी. वंदे भारत परत दुपारी चारच्या सुमारास निघते म्हणजे संध्याकाळची बोट केली की ती गेली, म्हणून येताना पण सिद्धेश्वरच.

अनुभवी लोकांनी प्लीज सांगा. दारू वगैरे नकोय, घरगुती मामला आहे.

खाडीकाठचा

दादा, पौर्णिमा आधी डोक्यातून काढा. मुंबईत पुनवेला आणि अवसेला भरती साधारण दुपारी बारा-एकच्या आसपास असते, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, आणि ती पण उधाणाची ओहोटी, पाणी पार खाली गेलेलं. गेटवेच्या धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत. भरती असली तर वरच्या कोरड्या पायरीवरून बोटीत पाय टाकता येतो. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, आणि बोट लाटेनं वरखाली होत असते. खलाशी हात देतो पण तो जो क्षण असतो ना, बोट वर आली की पाय टाकायचा, तो गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमत नाही, कारण तिथं विचार करायला वेळच नसतो.

भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते. म्हणजे सप्तमी-अष्टमीला ती संध्याकाळी पाच-सहाला येते आणि तेव्हा भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. तुमच्या आईसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. यात्रा झाल्यावरची शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमीच. साडेचारला चढा, साडेसहाला उतरा, जानेवारीअखेरीस सूर्य पण त्याच सुमारास बुडतो. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या, पण अंदाज हाच.

आणि शिडाची नको. त्या बऱ्याचदा लांब नांगरलेल्या असतात, आधी छोट्या होडीत बसा मग तिच्यातून यॉटवर चढा, म्हणजे आईला दोनदा तेच. शिवाय वाऱ्यावर एका बाजूला कलतात, ते नॉर्मल असतं पण आधीच घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार. मोटार यॉट घ्या, किंवा दोन तळांची कॅटामरान मिळाली तर फारच उत्तम, ती कमी डुलते. विचारताना स्पष्ट विचारा, थेट धक्क्याला लागते का मधे दुसरी बोट?

हिशोबी

वरचं सगळं बरोबर, मी पैशाचं आणि कागदाचं सांगतो.

रेट वेगळे का, तर फोन उचलणारे बरेचसे मधले लोक असतात, बोट त्यांची नसते. त्यामुळं फोटो नको, बोटीचं नाव आणि नोंदणी नंबर मागा. सर्व्हे सर्टिफिकेटवर प्रवासी किती ते लिहिलेलं असतं, त्याचा फोटो मागवा. मुलं धरूनच चौदा सांगा. "बारा लिहिलंय पण पोरं चालतात" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का ते वेगळं विचारा, मोठ्यांचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जातं. जॅकेट बोटीत चढायच्या आधी घालायचं, चढल्यावर फोटो काढून झाल्यावर नाही.

टोकन थोडंच द्या, बाकी चढताना. मेसेजमध्ये लिहून घ्या: रेट जीएसटी धरून का वर, दोन तास कधीपासून मोजणार (धक्क्यावर उशीर त्यांच्यामुळं झाला तर?), बंदराकडून मनाई आली किंवा वारा वाढला तर पैसे परत का तारीख पुढं, आणि ठरलेली बोट बंद पडली तर बदली कुठली. माझ्या मेव्हण्याला गोव्यात मांडवीवर फोटोतली एक आणि आलेली भलतीच, वर म्हणे साइज सेम आहे. ॲडव्हान्स पूर्ण दिलेला असल्यामुळं तोंड उघडता आलं नाही.

ड्रोन शूटिंगचं कुणी गळ्यात मारलं तर नाही म्हणा, बाजूला नौदलाचा सगळा परिसर आहे.

पुणेरी जावई

गोव्याला जा की राव, मुंबईत काय ठेवलंय.

हिशोबी

चौदा माणसं सोलापूरहून गोव्याला गाडीनं न्यायची, त्यात आईचे गुडघे. जावई, तुम्ही चालवणार का?

धागाकर्ता

खाडीकाठचे, लई उपकार झाले तुमचे. भरतीचं हे डोक्यातच नव्हतं, फोनवर एकानंही सांगितलं नाही. बाबांना पौर्णिमेचं समजावलं, थोडे हिरमुसले, मग म्हणाले अर्धा चंद्र पण चंद्रच असतो.

पण आई म्हणते रथसप्तमीला तिचं हळदीकुंकू असतंय, शेवटचा दिवस, गल्लीतल्या सगळ्या येतात, ती हलणार नाही. म्हणजे त्या रात्री सगळं आवरून सिद्धेश्वर धरायची आणि अष्टमीला संध्याकाळी बोट. भरती तेव्हा सहाच्या आसपास येईल ना? कागद मागितले तर तिघांनी मेसेज बघून सोडून दिला, एकानं लगेच पाठवले, त्यात अठरा प्रवासी लिहिलंय आणि बोट थेट धक्क्याला लागते म्हणतोय. रेट बाकीच्यांपेक्षा जास्त आहे पण आता तिथंच करायचं ठरवायलोय. घरचं खाणं चालतं म्हणाला, कचरा परत न्यायचा फक्त.

एक राहिलं, आईला उलटीचा त्रास बसमध्ये पण होतो. काय करावं?

खाडीकाठचा

अष्टमी तर आणखी बरी, हो, सहाच्या आसपास. पण भरती सहाला म्हणजे साडेचारला पाणी अजून चढत असेल, तेव्हा चढायची वेळ पाच करता आली तर बघा, उतरताना मग पाणी वरच असेल.

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-एक तास आधी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. झोप येते त्यानं, ते सांगून ठेवा. उपाशी नेऊ नका आणि तळलेलं देऊ नका. केबिनमध्ये अजिबात बसवू नका, मागच्या बाजूला उघड्यावर, तोंड पुढं करून, लांब बघत. पुढचं टोक सगळ्यात जास्त उडतं, फोटोसाठी सगळे तिकडंच पळतात, आईला तिकडं नेऊ नका. आणि नांगर टाकून उभं राहिलं की डुलणं जास्त जाणवतं, म्हणून त्यांना सांगा की एक तास उभं राहण्याऐवजी हळूहळू फिरवत ठेवा. डिझेलचे थोडे जास्त मागतील, द्या.

धागाकर्ता

पाचची वेळ मागितली, मिळाली. डिझेलचं विचारून सांगतो म्हणालाय. सीएसएमटीला सकाळी उतरल्यापासून पाच वाजेपर्यंत चौदा माणसांना आंघोळ आणि आडवं पडायला कुठं न्यावं? फोर्टात किंवा गेटवेच्या जवळपास दिवसापुरत्या दोन खोल्या देणारं, लिफ्ट असलेलं साधं लॉज कुणाला माहीत असेल तर सांगा, रात्रीचं पूर्ण भाडं द्यायची तयारी आहे.