मदत हवी आहे: पाणीवापराची सरासरी दाखवली, तर कमी वापरणाऱ्यांचाच वापर वाढला

आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर आहे. टँकरचा खर्च हाताबाहेर गेल्यावर कमिटीने मेन्टेनन्सच्या बिलावर ‘तुमचा वापर’ आणि ‘विंगची सरासरी’ असे दोन आकडे छापायला सुरुवात केली. उधळे जरा खाली आले, पण काटकसर करणारे वर सरकले! तळमजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या, “आमचं एवढं कमी? मग पॅसेज रोज धुवायला हरकत नाही.”

कॅलिफोर्नियात सॅन मार्कोसला विजेच्या वापरावर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही हेच दिसलं होतं. तिथे कमी वापरणाऱ्यांच्या आकड्याशेजारी हसरा चेहरा काढल्यावर वाढ थांबली. आम्हीही स्मायली छापली. व्हॉट्सअॅपवर चेष्टाच जास्त झाली.

गळती तपासून झाली आहे. चढत्या दराचा ठराव सर्वसाधारण सभेत पडला. जास्त वापरणाऱ्यांची नावं बोर्डावर लावायला माझाच विरोध आहे, त्यातून फक्त भांडणं होतात. बिल एक्सेलमध्येच बनतं, त्यामुळे मजकूर बदलणं सोपं आहे.

सरासरीऐवजी सगळ्यात कमी वापरणाऱ्या घरांचा आकडा दाखवून कुणाकडे फरक पडलाय का? आणि तुलना विंगप्रमाणे ठेवली की घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे?