सेफ्टी रेझरने दाढी : सुरुवातीचे अनुभव सांगा

मानेवर कायम पुरळ, दाढी केली की दुसऱ्या दिवशी फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की जास्त पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि पुढचं त्वचेच्या खाली कापतं, मग तो केस वाढताना आतच वळतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी एका ब्लेडवाला सेफ्टी रेझर घेतला. पहिल्याच दिवशी हनुवटीवर दोन जागी रक्त, कारण जुन्या सवयीने हात दाबत होता. याला अजिबात दाबायचं नसतं, रेझरचं वजनच पुरतं. कोन असा सापडला : रेझरचं डोकं गालाला टेकवायचं, दांडा आडवा, मग दांडा हळूहळू खाली आणायचा, केस कापल्याची बारीक करकर ऐकू आली की तिथेच थांबायचं. आता मान स्वच्छ आहे, खरंच खूप बरं वाटतं. तुम्ही कसे शिकलात, सविस्तर लिहा.

—

आमच्याकडे लातूरला बोअरचं पाणी, साबणाचा फेसच होईना, नुसता चोथा व्हायचा आणि मी साबण बदलत बसलो. दोष जड पाण्याचा होता. आता वाटीभर फिल्टरचं पाणी कोमट करतो, ब्रश त्यात भिजत ठेवतो आणि तोवर आंघोळ उरकतो, केस मऊ पडतात. फेस दह्यासारखा दाट आणि ओला हवा, बुडबुडे दिसले तर अजून घोळवा.

—

मी आई आहे, लिहिलं तर चालेल ना? ह्यांची नोकरी बोटीवर, त्यामुळे लेकाला मीच शिकवलं. आधी ब्लेड न लावता आठवडाभर नुसता फेसावरून रेझर फिरवायला लावला. मग कोरड्या गालावरून बोटं फिरवून केस कुठल्या बाजूला वाढतात ते बघितलं, गालावर खाली आणि गळ्याशी चक्क आडवे! ते त्याने कागदावर काढून आरशाला चिकटवलंय, एकदाही कापलं नाही.

—

सलूनमध्ये 14 वर्षं काम करतोय. आम्ही तेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो. नवीन माणसाने पहिला महिनाभर उलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध, मारूच नये, फक्त सुलटा, तेही पुन्हा फेस लावून दोनदा. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा, जबड्याखाली तर नक्कीच. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. जिथे जास्त चुरचुरेल तिथे हात जड पडला समजा, दुसऱ्या दिवशी तिथे जपून.

—

ब्लेड चौथ्या-पाचव्या दाढीला बदलतो, ओढायला लागलं तर आधीच. आणि विमानाने जाताना ब्लेडं चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत चालत नाहीत, माझं ब्लेडांचं अख्खं पाकीट गेलंय. रेझर नुसता ठेवला तर चालतो का, कुणी नेलाय का?