अनुभव धागा: थोड्या पैशांतला झोंबीपट, काय भावलं, काय खटकलं?

पर्वरी : जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) आम्ही मित्रांनी परवा एकत्र पाहिला. खर्च जेमतेम १ लाख १४ हजार डॉलर, उठून चालणाऱ्या मुडद्यांपासून लपलेल्या माणसांची बहुतेक कथा एका शेतघरात. गोव्यातल्या मंडळींनो, तुमचे अनुभव लिहा. शेवट उघड झाला तरी चालेल.

म्हापसा : मी जत्रेच्या नाटकांची रंगभूषा करतो, त्यामुळे माझं लक्ष आधी चेहऱ्यांवर. जवळ येणाऱ्या मुडद्यांचे डोळे छान खोल काढलेत. लांबचे म्हणजे नुसती घरच्या कपड्यांतली माणसं. तरी निभावतं, कारण अंधार आणि अंतर बरोबर राखलंय. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय. कृष्णधवल चित्रणात ते दाट, काळपट दिसतं. आम्ही साखरेच्या पाकात खायचा लाल रंग घालतो. चिमूटभर कोको पडला नाही तर दिव्यांखाली ते सरबतच वाटतं. जळालेल्या ट्रकपाशी मुडदे मांस ओरबाडून खातात, तिथे मात्र मी मान फिरवली. इतकी वर्षं हेच काम करूनही!

मडगाव : शेतघरात आसरा घेणारी बार्बरा खटकली. भाऊ गेल्याचा धक्का समजू शकते, पण नंतर ती जवळजवळ पूर्ण वेळ सोफ्यावर सुन्न. लिहिणाऱ्यांनी तिला कामच दिलं नाही. शिवाय स्मशानातला पहिला मुडदा धावतो, पुढचे बहुतेक रखडत चालतात. हे काही पटलं नाही.

फोंडा : संगीत तयार साठ्यातून उचललेलं आहे, ते कळतं. खिडकीवर फळ्या ठोकताना हातोड्याचा आवाज पुरेसा होता.

डिचोली : मला धडकी भरली ती घरातल्या भांडणाने. नायक बेन म्हणतो वरच थांबू, घरात लपलेला कूपर म्हणतो तळघरात जाऊ, आणि दार ठोठावणाऱ्यांना दोघेही विसरतात. वडिलोपार्जित घराची वाटणी होताना आमच्याकडे अशीच तोंडं फिरली होती. शेवटी बेन वाचतो तो तळघरात शिरून, म्हणजे ज्याचा आपल्याला राग येतो त्या कूपरचंच खरं ठरतं! पैसा नसला तरी असं लिहिता येतं.

काणकोण : मराठी ‘झोंबिवली’ (२०२२) मी थिएटरात पाहिला. तिथे गर्दी, रंग, विनोद सगळं आहे, मजाही आली. पण बेनचा शेवट जास्त झोंबला. ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट नायक आहे, आणि कोणी त्याच्या वर्णाचा उल्लेखही करत नाही. रात्रभर तगलेल्या त्या माणसाला सकाळी शोधपथक मुडदा समजून गोळी घालतं. पुढची स्थिर छायाचित्रं पाहून मी बराच वेळ रागात होतो.

साखळी : वितरकाने नाव बदललं तेव्हा पडद्यावरची हक्कसूचना (कॉपीराइटची ओळ) गळाली, म्हणून अमेरिकेत सिनेमा सर्वांसाठी खुला झाला. नेटवर फुकट मिळतो, पण कित्येक प्रती इतक्या काळवंडलेल्या की म्हापशाचे दादा म्हणतात ते डोळे मला दिसलेच नाहीत. २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत तयार झाली. पाहायचा तर तोच प्रिंट शोधा, आणि खोलीतले दिवे घालवा.