अमेरिकेहून आलेल्या फायर टॅबमध्ये प्ले स्टोअरच नाही, लेकरांचे ॲप कुठून घ्यायचे?

मांजराकाठची_ताई (लातूर)

नमस्कार मंडळी. आमच्या नणंदबाई दिवाळीला अमेरिकेहून आल्या तर लेकरांसाठी ॲमेझॉनचा फायर एचडी १० टॅब घेऊन आल्या. टॅब झकास आहे, स्क्रीन मोठी, आवाज पण चांगला, पण त्यात प्ले स्टोअरच नाही ओ! ॲमेझॉनचं स्वतःचं एक ॲपस्टोअर आहे तेवढंच. पोरगं सातवीला आहे, त्याला बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती) पाहिजे, ते नाव टाकलं की भलत्याच बंदुकीच्या गेमा दाखवायलंय. पोरगी दहावीला, तिच्या क्लासचं ॲप पण सापडंना, क्लासमध्ये फोन केला तर म्हणतात "मॅडम प्ले स्टोअरवर आहे की", अहो तेच तर नाही माझ्याकडं! यूट्यूबचं ॲप नाही, गुगल पे नाही.

इथल्या एका मोबाईलच्या दुकानात दाखवला तर तो म्हणाला दीड हजार द्या, दोन दिवसात साधं अँड्रॉइड मारून देतो. आमचे मालक म्हणायलेत कशाला पैसे घालतीस, विकून टाक. नणंदेनं आणलेली वस्तू विकली तर पुढच्या दिवाळीला मी काय तोंड दाखवू. काय करावं सांगा. आणि ॲमेझॉनचं ॲपस्टोअर बंदच झालं असं पण कुणीतरी म्हणलं, ते खरं आहे का?

गोदाकाठ_नांदेड

ताई, दुकानदाराला एक रुपया देऊ नका. या टॅबचा बूटलोडर (टॅब चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर) कुलूपबंद असतो, त्याच्यावर साधं अँड्रॉइड असं कुणी बसवून देत नाही. तो जे करणार ते तुम्ही घरी बसून फुकट करू शकता.

मुळात झालंय काय, की यात चालतं ते फायर ओएस अँड्रॉइडवरच बेतलेलं आहे, पण ॲमेझॉननं गुगलच्या सर्व्हिसेस घेतलेल्या नाहीत. २०११ ला पहिला किंडल फायर आला तेव्हापासून असंच आहे. आता ॲप बनवणाऱ्यानं ॲमेझॉनच्या स्टोअरवर वेगळं टाकलं तर ते तिथं दिसणार, नाही टाकलं तर नाही. नेटफ्लिक्स, झूमसारखे मोठे लोक टाकतात, लातूरचा क्लासवाला कामून टाकील, त्याला गिऱ्हाईक किती मिळणार तिथं. आणि लोकेशन, नोटिफिकेशन, गुगलनं लॉगिन हे सगळं बरेच ॲप गुगल प्ले सर्व्हिसेसकडून करून घेतात, म्हणून नुसती ॲपची फाइल आणून टाकली तरी कधी उघडतं, कधी उघडून बंद पडतं.

बंद झाल्याचं अर्धं खरं आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर ॲमेझॉनचं ॲपस्टोअर २० ऑगस्ट २०२५ पासून बंद केलंय, पण फायर टॅब आणि फायर टीव्हीवर ते चालू आहे. तुम्हाला त्याचा काही त्रास नाही.

आता प्ले स्टोअर कसं टाकायचं ते. आधी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ऑप्शन्स'मध्ये जाऊन तुमचं मॉडेल कितव्या पिढीचं आणि फायर ओएस कितवं ते बघून कागदावर लिहून घ्या. ओएस ७ म्हणजे आतून अँड्रॉइड ९, ओएस ८ म्हणजे अँड्रॉइड ११. मेमरी कार्ड घातलेलं असेल तर काढून ठेवा, नाहीतर काही गोष्टी कार्डावर जाऊन बसतात आणि मग प्ले स्टोअर रुसतं. मग सेटिंग्जच्या सिक्युरिटीत 'ॲप्स फ्रॉम अननोन सोर्सेस' असतं, तिथं टॅबमधल्या सिल्क ब्राउझरला परवानगी द्या आणि एपीकेमिरर साइटवरून चार फाइली आणा. पहिली गुगल अकाउंट मॅनेजर, दुसरी गुगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क, तिसरी गुगल प्ले सर्व्हिसेस, चौथी गुगल प्ले स्टोअर. याच क्रमानं टाका, क्रम चुकला की नुसतं गोल गोल फिरत बसतं. आणि फ्रेमवर्कची फाइल तुमच्या मॉडेलला आणि ओएसला चालणारीच पाहिजे, इथंच बहुतेकांचं फसतं. एकेक झाली की 'ओपन' दाबू नका, 'डन' दाबा. चारी झाल्या की टॅब बंद करून चालू करा, मग प्ले स्टोअर उघडून लॉगिन करा. लगेच ॲप टाकायला जाऊ नका, आत त्याचं स्वतःचं अपडेट चालू असतं, चहा ठेवा तोवर. शेवटी ती अननोन सोर्सेसची परवानगी आठवणीनं बंद करा.

बालाघाट_बीड

वरच्या भाऊंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त गेमचं बोलतो कारण आमच्याकडं हेच रामायण झालंय. प्ले स्टोअर टाकून बीजीएमआय उतरतं, चालू पण होतं, पण २०२१ च्या एचडी १० ला रॅम ३ जीबी आहे आणि प्रोसेसर काही गेमिंगचा नाही. ग्राफिक्स एकदम खाली ठेवा तरी चार पोरं समोर आली की माल भरलेला ट्रक घाट चढल्यागत चालतं. आमचा पुतण्या आठ दिवसात परत बापाच्या फोनवर गेला.

त्याच्यापेक्षा ॲमेझॉनच्याच स्टोअरवर काय आहे ते आधी बघा ना. माइनक्राफ्ट आहे, रोब्लॉक्स आहे, सबवे सर्फर्स आहे, आणि ते त्या टॅबसाठीच टाकलेले असल्यामुळं नीट चालतात. फक्त एक ध्यानात ठेवा, माइनक्राफ्ट फोनवर गुगलमधून विकत घेतलं असेल तर ती खरेदी ॲमेझॉनवर धरत नाहीत, तिथं परत पैसे.

एखादं ॲप तिथं असून पण दिसंना असं झालं तर अकाउंटचा देश बघा. नणंदबाईंच्या अमेरिकेच्या अकाउंटवर टॅब चालू असेल तर तुम्हाला अमेरिकेचं दुकान दिसतंय. तुमचं इथलं अकाउंट टाका.

आणि बीजीएमआय नाही मिळालं तर पोराला सांगा की २०२३ च्या मे महिन्यात बंदीनंतर गेम परत आला तेव्हा १८ च्या खालच्यांना दिवसाला ३ तासाचीच मुभा ठेवली होती. ३ तास ऐकून पोरगं खूश होईल ते वेगळं.

परभणीचा_पोऱ्या

ताई तुमचं तरी बरं आहे. माझ्या भावानं सौदीवरून हुआवेचा मेटपॅड आणला, टॅब म्हणाल तर एक नंबर, पेन पण आहे, पण मे २०१९ ला अमेरिकेनं बंदी घातल्यापासून त्यांच्या नव्या मॉडेलात गुगल नाही, त्यांचं स्वतःचं ॲपचं दुकान, ॲपगॅलरी असते. इथं वरच्या भाऊंची चार फाइलींची पद्धत लावायला जाऊ नका कुणी, यात ती चालंना, मी करून बसलोय. यात मायक्रोजी नावाचं एक प्रकरण टाकतात, ते गुगल सर्व्हिसेसचं सोंग घेतं आणि बऱ्याच ॲपला ते पटतं. यूट्यूब, मॅप जमतं. बँकेचं ॲप मात्र "तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही" म्हणून दारातूनच परत पाठवतं.

भूमचा_खवा

मी शिक्षक आहे, म्हणून दहावीच्या पोरीचं बोलतो, गेमचं तुम्ही बघा. अभ्यासासाठी यातलं निम्मं करायची गरजच नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवरून पीडीएफमध्ये फुकट उतरतात, एकदा उतरवली की नेट नसलं तरी वाचता येतात, आणि १० इंची स्क्रीनवर भूमितीच्या आकृत्या फोनपेक्षा किती नीट दिसतात ते बघाच. पुस्तकात धड्यापाशी क्यूआर कोड असतो तो दीक्षाचा, म्हणजे सरकारच्या अभ्यासाच्या साइटचा. दीक्षाचं ॲप नसलं तरी साइट ब्राउझरमध्ये उघडते, तिथं कोडखाली छापलेली अक्षरं टाकली तरी तोच धडा येतो. यूट्यूब पण सिल्कमध्ये उघडून होम स्क्रीनवर टाका, लेकरांना फरक कळत नाही.

राहिलं क्लासचं ॲप. त्यांना एकदा नीट विचारा की वेबवर लॉगिन आहे का. बऱ्याच क्लासचं असतं, पण फोन उचलणाऱ्या पोराला माहीत नसतं. सरळ सरांशी बोला. असलं तर झालंच तुमचं काम, चार फाइलींचा उद्योग फक्त गेमसाठी राहील, आणि मग तो करायचा का नाही ते तुमच्या मालकांना ठरवू द्या 😀

मांजराकाठची_ताई (लातूर)

सगळ्यांचे आभार ओ, लई हलकं वाटलं. सरांना फोन लावला, वेबवर लॉगिन आहे म्हणे, त्यांनी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. सिल्कमध्ये उघडली, व्हिडिओ चालायलेत, फक्त टेस्ट देताना पान मधीच मोबाईलएवढं बारीक होतंय. आमचा टॅब ओएस ८ वाला निघाला. पोरगं मागं लागलंय म्हणून रविवारी चार फाइली करून बघणार.

दोन गोष्टी राहिल्या. गुगल पे टाकता येईल का यात? आणि पोराच्या नावानं नणंदेनं किड्स प्रोफाइल केलंय, प्ले स्टोअर त्यातूनच टाकायचं का?

गोदाकाठ_नांदेड

गुगल पे चा नाद सोडा. यूपीआयला बँकेत दिलेल्या नंबरच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि तुमच्या टॅबला सिमच नाही. शिवाय पैशाचे ॲप गुगलनं पास न केलेल्या डिव्हाइसवर नखरे करतात. पैसे फोनवरूनच पाठवा.

पान बारीक होतंय त्याला सिल्कच्या मेनूत 'डेस्कटॉप साइट' आहे, ते चालू-बंद करून बघा, बहुतेक तिथंच असेल.

किड्स प्रोफाइलमधून करू नका, तुमच्या मोठ्यांच्या प्रोफाइलमधून करा. किड्समध्ये प्ले स्टोअर धड चालत नाही, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर सकाळी उठून बघाल तर पन्नास गेमा उतरलेल्या असतील. गेम तुमच्या प्रोफाइलमध्ये ठेवा, खेळायची वेळ झाली की तुम्ही उघडून द्या. फक्त पिन पोरासमोर टाकू नका, सातवीतलं लेकरू बोटाकडं बघूनच ओळखतंय.