मदत हवी आहे: टोरांटोत राहून मुलगी कॉलेज बास्केटबॉलपर्यंत पोचते का, की अमेरिकेतल्या प्रेप शाळेत पाठवावंच लागतं?

ब्रॅम्प्टनकर

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नागपूरचे, टोरांटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनमध्ये येऊन अकरा वर्षं झाली. थोरली लेक तेरा वर्षांची आहे, आठवीत. उंची पाच फूट नऊ इंच, अजून वाढतेय. चौथीपासून खेळते, गेली दोन वर्षं क्लबच्या संघात आहे. मी स्वतः नागपूरला शाळेकडून जिल्हा पातळीपर्यंत खेळले आहे, सिमेंटच्या कोर्टवर. त्यामुळे एवढं नक्की कळतं की हिच्या खेळात काहीतरी आहे. बॉल हातात यायच्या आधीच तो पुढे कुणाकडे द्यायचा ते हिने बघितलेलं असतं. हे शिकवून येत नाही.

मागच्या महिन्यात क्लबच्या कोचनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, नववीपासून हिला अमेरिकेतल्या प्रेप शाळेत पाठवा, इथे राहून काही होत नाही. प्रेप म्हणजे कॉलेजसाठी तयारी करून घेणारी खासगी शाळा. ही फ्लोरिडात, राहणं तिथेच. फी आणि घराचा हप्ता दोन्ही एकदम आम्हाला झेपणार नाहीत. अर्धी शिष्यवृत्ती मिळेल म्हणतात, पण तोंडी. कागद अजून काही हातात नाही.

त्या दिवसापासून मी रोज रात्री एकच हिशेब मांडतेय. आपलं शहर कॉलेजचे खेळाडू घडवतं की नाही? नावं बघितली तर छाती भरून येते. ट्रिस्टन थॉम्पसन, अँथनी बेनेट, टायलर एनिस हे तिघं आमच्या ब्रॅम्प्टनचे. थॉम्पसन टेक्सस विद्यापीठाकडून खेळला, एनिस सिराक्यूजकडून. बेनेट लास व्हेगासच्या विद्यापीठातून २०१३ साली एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, पहिला निवडला गेला. पुढच्याच वर्षी पहिला निवडला गेला तो व्हॉनचा अँड्र्यू विगिन्स, कॅन्ससकडून खेळलेला. मिसिसागाचा आर. जे. बॅरेट ड्यूककडून खेळून २०१९ साली तिसरा. आणि झॅक ईडी! दहावीपर्यंत हॉकी आणि बेसबॉल खेळणारा टोरांटोचा मुलगा, पर्ड्यूकडून २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला.

पण मग याच यादीसमोर मी आणखी एक रकाना केला, बारावी कुठे केली याचा. थॉम्पसन आधी न्यू जर्सीत, मग नेवाडात. बेनेटही नेवाडात. विगिन्स वेस्ट व्हर्जिनियात. बॅरेट आणि ईडी फ्लोरिडात. म्हणजे पोरं इथली, पण शेवटची दोन-तीन वर्षं तिकडे. हे श्रेय कुणाचं मग? ६२ लाख वस्तीच्या या महानगराचं, की त्या चार-पाच प्रेप शाळांचं? कोच म्हणतात ते खरंच असेल तर मी उगीच आईच्या मायेपोटी तिची वाट अडवतेय का, हा विचार झोपू देत नाही.

ज्यांची मुलं या वाटेने गेली आहेत त्यांनी कृपया लिहा. गोड बोलू नका, खरं सांगा. नवरा म्हणतो वर्षभर थांबू. सासूबाई नागपूरहून रोज फोन करून विचारतात, पोरीला एवढ्या लांब का धाडताय. आणि लेक काहीच बोलत नाही, मला सगळ्यात जास्त त्याचीच काळजी वाटते.

मिसिसागातला बाबा

ताई, माझा मुलगा पंधराव्या वर्षी गेला होता. शाळेचं नाव लिहीत नाही. गेला तेव्हा ज्या कोचच्या भरवशावर पाठवलं तो चार महिन्यांत दुसरीकडे गेला. नव्या कोचनी आपली पोरं आणली. माझा मुलगा बाकावर. त्याहून वाईट म्हणजे तिथे शिकवलेले दोन विषय पुढे कॉलेजच्या पात्रतेत धरले गेले नाहीत. दीड वर्षाने परत आणला. आज तो बरा आहे, इथल्याच कॉलेजात शिकतो, रविवारी मित्रांबरोबर खेळतो. पण त्या दीड वर्षात तो घरी फोनवर काय काय बोलला नाही, ते मला नंतर कळलं.

तुम्ही नावांची यादी केलीत, ती सगळेच करतात. मीही केली होती. विगिन्स गेला म्हणून आपणही जावं असं वाटतं, पण विगिन्सचे वडील एनबीएत खेळलेले आणि आई १९८४च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून रिलेची रौप्यपदकं जिंकलेली. बॅरेटचे वडील २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून खेळले. त्या घरांत कुणाला काय विचारायचं, कुठल्या कागदावर सही करायची नाही, हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

म्हणून एक करा. कोचना सांगा, गेल्या पाच वर्षांतले तुमच्या संघांचे फोटो दाखवा. प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक मुलीवर बोट ठेवून विचारा, ही आता कुठे आहे? फक्त मधल्या स्टारवर नाही, कडेला उभी आहे तिच्यावरही. बारापैकी किती जणी कुठल्या ना कुठल्या कॉलेजसाठी खेळतायत, किती जणींची फी माफ आहे, किती जणींनी खेळ सोडला. तुमच्या मुलीसाठी या शहराचा खरा हिशेब तोच.

पोटोमॅककाठ

मी मेरीलँडमध्ये असतो, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत. वॉशिंग्टनला लागून. तुमच्या प्रश्नाशी जोडून आमच्याकडचं सांगतो, कारण महानगर खेळाडू कसं घडवतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या काउंटीची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या थोडी वर. एवढ्याशा जागेतून केव्हिन ड्युरंट आला, सीट प्लेझंट नावाच्या छोट्या गावातून. व्हिक्टर ओलाडिपो आणि मार्केल फुल्ट्झ आले. ही दोघं हायट्सव्हिलच्या डिमॅथा या कॅथलिक शाळेची. १९६५ साली याच डिमॅथाने न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियलला ४६-४३ असं हरवून त्यांची ७१ सामन्यांची विजयमालिका तोडली. समोर ल्यू अल्सिंडर होता, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार.

मला जाणवलेला फरक असा. इथे एक रस्ता ओलांडला की दुसरी तितकीच कडवी शाळा आहे. मुलगा दुपारी चारला देशातल्या उत्तम पोरांविरुद्ध खेळतो आणि रात्री आठला आईच्या हातचं जेवतो. तगडा प्रतिस्पर्धी शोधायला घर सोडावं लागत नाही. ड्युरंट स्वतः एक वर्ष व्हर्जिनियातल्या ओक हिल अकादमीत गेला, पण शेवटचं वर्ष पुन्हा इथल्याच रॉकव्हिलला खेळला. मुलींचंही तसंच. अ‍ॅझी फड वॉशिंग्टनच्या सेंट जॉन्स शाळेतून सरळ कनेटिकट विद्यापीठात गेली आणि २०२५ साली राष्ट्रीय विजेती झाली.

टोरांटोत प्रतिभा कमी होती असं मला वाटत नाही. पोरं बाहेर जायची ती रोजच्या कडव्या सामन्यांसाठी. त्यामुळे तुमचा प्रश्न मी असा विचारेन: आज तुमच्या मुलीला आठवड्यातून किती वेळा स्वतःपेक्षा सरस खेळाडूविरुद्ध खेळायला मिळतं? ते टोरांटोतच जमत असेल तर फ्लोरिडा कशाला?

जर्सी क्रमांक ११

ताई, तुमची यादी मी दोनदा वाचली. त्यात एकही मुलगी नाही. तुम्ही मुलांचा नकाशा घेऊन मुलीचा रस्ता शोधताय.

मी टोरांटोतच वाढले, इथल्याच विद्यापीठाकडून चार वर्षं खेळले. आता मुलींची यादी माझ्याकडून घ्या. किया नर्स हॅमिल्टनची. तिथल्याच सेंट थॉमस मोर या सरकारी खर्चाने चालणाऱ्या कॅथलिक शाळेत बारावी केली, तिथून कनेटिकटला गेली आणि २०१५, २०१६ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. लेटिशिया अमिहेरे मिसिसागाची. ओकव्हिलच्या किंग्ज ख्रिश्चन शाळेत शिकली, साउथ कॅरोलिनाकडून २०२२ साली विजेती. आलिया एडवर्ड्स किंग्स्टनची. तिने घर सोडलं हे खरं, पण आली कुठे? टोरांटोच्या क्रेस्टवुड शाळेत. तिथून कनेटिकट, आणि २०२४च्या डब्ल्यूएनबीए (महिलांची एनबीए) ड्राफ्टमध्ये सहावी. अमेरिकेतल्या अव्वल कॉलेजांचे कोच मुलींसाठी ऑन्टारियोत येऊन बसतात. मी प्रेक्षकांत त्यांना माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, विद्यापीठाचा लोगो असलेला शर्ट आणि मांडीवर वही.

मुलांचंही चित्र आता बदललं आहे. जमाल मरे किचनरचा, तो देश न सोडता ऑन्टारियोतल्याच ऑरेंजव्हिलच्या प्रेपमध्ये शिकला आणि तिथून केंटकी विद्यापीठात गेला. तुमच्या कोचनी जो काळ बघितला असेल तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. त्या आधी तर जमाल मॅग्लॉयर टोरांटोच्या ईस्टर्न कॉमर्स या साध्या सरकारी शाळेतून केंटकीला गेला होता आणि १९९८ साली विजेता झाला. ती शाळा २०१५ साली बंद पडली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आणि अमेरिका म्हणजेच कॉलेज बास्केटबॉल असंही मनात धरू नका. इथल्या विद्यापीठांत खेळाची शिष्यवृत्ती शिक्षणाच्या फीपुरतीच असते, राहण्या-खाण्याचं त्यात येत नाही. पण खेळ खरा असतो. २०२२ साली आपल्या डाउनटाउनमधल्या विद्यापीठाचा मुलींचा संघ, तेव्हाचं रायरसन, एकही सामना न हरता देशात पहिला आला. त्यांचं घरचं मैदान जुन्या मेपल लीफ गार्डन्सच्या इमारतीत आहे. एकदा लेकीला घेऊन सामना बघायला जा. तिचा चेहरा बघा.

अजून एक, आणि हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे. तिचे गुडघे सांभाळा. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तुमची मुलगी नेमकी झपाट्याने वाढण्याच्या वयात आहे. उडी मारून खाली कसं उतरायचं हे कुणीतरी बसून शिकवायला हवं. क्लब हे शिकवतो का? शाळा निवडण्याआधी हे विचारा.

गाइडन्सवाले सर

मी पील विभागातल्या शाळेत आहे. खेळातलं कळत नाही, कागदातलं सांगतो.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनसाठी नववी ते बारावीत १६ मुख्य विषय लागतात: इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र वगैरे. त्यातले १० शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. या विषयांत सरासरी चारपैकी किमान २.३. सॅट या प्रवेश परीक्षेची अट २०२३ पासून नाही. विषय मान्यताप्राप्त यादीत हवेत, आणि यादी प्रत्येक शाळेची वेगळी असते. वर मिसिसागाच्या दादांच्या मुलाचं जे झालं ते बहुधा यामुळेच.

सगळ्यात महत्त्वाचं: घड्याळ नववीच्या पहिल्या दिवशी सुरू होतं. काही प्रेप शाळा सांगतात, एक वर्ष मागे बसवू, अजून उंची वाढेल, मग कॉलेजवाले बघतील. नववी सुरू झाल्यावर असं केलं तर मुख्य विषय मूळच्या चार वर्षांतच मोजले जातात. मागे बसवण्याचा विषय निघाला तर आधी शाळेतल्या गाइडन्सला, म्हणजे विषय निवडायला सल्ला देणाऱ्यांना, विचारा, मगच सही करा.

आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्डसारखी आठ जुनी विद्यापीठं) खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. 'अमेरिकेत खेळेल' आणि 'अमेरिकेत फुकट शिकेल' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शाळेत खेळणाऱ्या शंभर अमेरिकन मुलींपैकी साधारण चार जणी तिथल्या कॉलेजात खेळतात, त्यातली एखादी पहिल्या डिव्हिजनमध्ये. तुमची मुलगी ती एक असू शकते. म्हणून अभ्यास आत्तापासूनच धरा.

ब्रॅम्प्टनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहू शकले नाही, वाचत होते.

क्रमांक ११, तुमचं पहिलं वाक्य वाचून मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. मी स्वतः खेळलेली बाई, आणि माझ्या यादीत एक मुलगी नव्हती. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या संघाचं नेतृत्व केलं तेव्हा मी पेढे आणले होते, तरी.

काल लेकीला अमिहेरेच्या सामन्यांचे व्हिडिओ लावून दिले आणि सांगितलं की ही मिसिसागाची, ओकव्हिलला शिकली. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी घरून पण जाऊ शकते?" एवढे दिवस ती का बोलत नव्हती ते तेव्हा कळलं. तिला वाटत होतं की नको म्हटलं तर आम्हाला वाटेल तिला खेळायचंच नाही.

नववीला कुठेही पाठवत नाही, हे ठरलं. कोचना फोटोंबद्दल विचारलं. त्यांनी दोन वर्षांचे दाखवले, बाकीचे बघून सांगतो म्हणाले. उडी मारून उतरण्याबद्दल विचारलं, तर ते आमच्याकडे नाही असं सरळ सांगितलं. निदान खरं बोलले.

आता पुढचे प्रश्न, जमलं तर यांचीही उत्तरं द्या. ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा ओकव्हिल भागात मुलींचा नववीचा संघ खरोखर कडवा असलेली, आपल्याला परवडेल अशी सरकारी किंवा कॅथलिक शाळा कुठली? हद्दीबाहेरच्या मुलीला तिथे प्रवेश मिळतो का, अर्ज कधी करायचा? मुलींच्या गुडघ्यांचं काम करणारी फिजिओ कुणी सुचवू शकेल का, शक्यतो शनिवारी भेटणारी? आणि टोरांटोत मुलींसाठी खुले सराव सामने कुठे होत असतील, जिथे तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुली येतात, तर तेही सांगा. गाडी मी चालवेन, आठवड्यातून चारदा चालवायला लागली तरी चालेल.